‘सॅटर्डे नाईट लाईव्ह’ खरंच बिघडलंय का?

प्रश्न : मी ‘सॅटर्डे नाईट लाईव्ह’ हा अमेरिकन विनोदी स्किट्सचा शो युट्यूबवर बघते. जुन्या स्किट्सना खळखळून हसू येतं, पण अलीकडच्या बघितल्या की वाटतं हे लोक आठवड्याच्या बातम्याच परत सांगतायत. शो बिघडलाय की माझंच काहीतरी चुकतंय?

उत्तर : तुमचं काही चुकत नाहीये, बदल झालाय हे खरंय. पण ‘बिघडलाय’ ही तक्रार जवळपास शोइतकीच जुनी आहे बरं का. ११ ऑक्टोबर १९७५ ला एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर तो सुरू झाला आणि पाचच वर्षांत, १९८० मध्ये, निर्माता लॉर्न मायकल्स आणि त्याच्यासोबत सगळे कलाकार बाहेर पडले, तेव्हाच लोक म्हणायला लागले की संपलं आता. पुढचा सीझन इतका आपटला की नव्या निर्मातीला तो पूर्ण व्हायच्या आतच काढून टाकलं, आणि गंमत म्हणजे त्याच आपटलेल्या सीझनमधून १९ वर्षांचा एडी मर्फी वर आला. मायकल्स १९८५ ला परतला.

आता सूर कुठं बदलला ते बघू. १९७५ मध्ये शोमधला कलाकार चेव्ही चेस तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष फोर्ड व्हायचा तेव्हा ना विग, ना मेकअप, ना आवाजाची नक्कल, नुसता धडपडायचा, टेबलावर आपटायचा. खरे फोर्ड कॉलेजात फुटबॉल गाजवलेले, पण विमानाच्या जिन्यावर एकदा घसरले आणि चेसला तेवढं पुरलं. पुढे डेना कार्व्ही या कलाकाराने राष्ट्राध्यक्ष थोरल्या बुशना हातवारे आणि तुटक वाक्यांवर उभं केलं, आणि १९९२ ची निवडणूक हरल्यावर बुशनीच त्याला व्हाईट हाऊसमध्ये बोलावून स्टाफसमोर आपली नक्कल करायला लावली! म्हणजे तेव्हाची चेष्टा ज्याची केली त्यालाही पचायची.

माझ्या मते खरं वळण २००८ चं. टीना फे तेव्हाच्या उपराष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन झाली आणि त्यांच्या टीव्ही मुलाखतीवरच्या स्किटमध्ये पेलिनबाईंच्या खऱ्या उत्तरांतले काही तुकडे जवळजवळ जसेच्या तसे म्हटले, आणि लोक कोसळले हसून. ते स्किट जबरदस्तच होतं, पण त्यातून लेखकांना एक सोपी वाट सापडली, की नेता जे बोलला तेच विग घालून परत म्हणायचं. २०१६ पासून अलेक बाल्डविनचा ट्रम्प आला, मोठे पाहुणे नट नेत्यांच्या भूमिकेत यायला लागले, आणि प्रेक्षक हसण्याऐवजी आपल्याला पटलं म्हणून टाळ्या वाजवायला लागले. मला हे आवडत नाही, टाळी मिळाली की पुढचा विनोद शोधायची गरजच संपते ना.

गंभीर होण्याबद्दल मात्र माझी अजिबात तक्रार नाही. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतरचा पहिला एपिसोड न्यूयॉर्कचे महापौर आणि अग्निशमन दलाच्या जवानांना स्टेजवर उभं करून सुरू झाला होता, आणि २०१६ च्या निवडणुकीच्या निकालानंतर कलाकार केट मॅकिनन हरलेल्या हिलरी क्लिंटनच्या वेशात पियानोवर बसून गायली, त्यात एकही जोक नव्हता, आणि दोन्ही वेळा ते योग्यच वाटलं.

दुसरं कारण तुम्ही बघताय त्या पद्धतीत आहे. डिसेंबर २००५ ला शोमधला ‘लेझी संडे’ हा विनोदी रॅप व्हिडिओ युट्यूबवर तुफान फिरला, तेव्हापासून शो तुकड्यातुकड्यांत बघायची सवय लागली. तुकड्यांमध्ये वर काय येतं? सुरुवातीचं राजकीय स्किट आणि ‘वीकेंड अपडेट’, म्हणजे शोमधल्या चेष्टेच्या बातम्या. पण सगळ्यात विचित्र, सगळ्यात वेडी स्किट्स ठेवतात शेवटी, रात्री एक वाजायला दहा मिनिटं असताना, आणि तिथं राजकारण फारसं नसतंच. माझं ऐका, एक अख्खा एपिसोड सलग बघा, त्यातल्या शेवटच्या वीस मिनिटांवर लक्ष ठेवा, मग ठरवा.

प्रश्न : कलाकार एकमेकांकडे न बघता भलतीकडेच बघत बोलतात, असं का?

उत्तर : कॅमेऱ्याशेजारी हाताने लिहिलेली मोठी कार्डं धरलेली असतात, ती वाचतात ते. पाठांतर का नाही, तर बुधवारी स्किट्सचं वाचन होतं, शनिवारी रात्री आठला प्रेक्षकांसमोर पूर्ण रंगीत तालीम, आणि तिथं जे पडलं ते कापून, वाक्यं बदलून साडेअकराला थेट प्रक्षेपण! तालमीनंतर बदललेलं वाक्य पाठ करायला वेळच कुठंय, म्हणून कार्डं ऐनवेळी खोडून पुन्हा लिहितात. कलाकाराची नजर जरा जास्तच बाजूला गेली तर समजा की ते वाक्य बहुतेक थोड्या वेळापूर्वीच बदललंय.