रानवारमधलं घर जरूर घ्या, पण तो नोटरीचा कागद घेऊ नका

तुमची पोस्ट दोनदा वाचली. पुण्याहून बदली, ऑफिस बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात), वांद्र्याला रानवार गावठाणात जुन्या बंगल्याचा वरचा मजला पसंत पडलाय, ब्रोकर म्हणतोय ‘गावठाणातल्या घरांचं रजिस्ट्रेशन होत नाही, नोटरी करून टाकू, सगळे तसंच करतात’. आणि तुमचा प्रश्न काय, तर ‘तिथे खरंच सगळं चालत मिळतं का, आणि गाडी आणावी का?’

ब्रोकरचं वाक्य वाचून हसू आलं, मग जरा पोटात गोळा आला. 2017 मध्ये मला शब्दशः हेच सांगितलं होतं. घरही तसलंच, लाकडी जिना, वर गॅलरी, खाली बदामाचं झाड. त्या जिन्यावर भाळून मी नोटरीच्या, म्हणजे रजिस्टर न केलेल्या करारावर सही केली.

आधी तुमच्या प्रश्नांचं. हो, चालत सगळं मिळतं. हिल रोड दोन मिनिटांवर, औषधं, चपला, बेकरी, शिंपी, किल्लीवाला सगळं तिथेच. भाजीला मात्र पाली मार्केटला जाऊ नका, तिथे अॅव्होकाडो घेणाऱ्यांचा भाव आपल्यालाही लागतो. बाजार रोडला जा. नावाप्रमाणे तो बाजारच आहे आणि तिथे अजून घासाघीस चालते. ‘स्टेशन दहा मिनिटांवर’ असं ब्रोकर म्हणेल. ते रिक्षाने, तेही सकाळी सातला. चालत वीस ते पंचवीस मिनिटं धरा, पावसाळ्यात तीस. गाडी आणू नका. आणलीच तर ती कुठे उभी करायची हीच तुमची दुसरी नोकरी होईल. गल्ल्या बैलगाडीच्या मापाच्या आहेत. आणि बीकेसी नकाशावर जवळ दिसतं, पण ते पूर्वेला आहे, मधे रेल्वे. रोजचा हिशेब करताना हे विसरू नका.

आता मुद्द्याचं. मी वकील नाही, दर आणि पद्धती बदलतात, सही करण्याआधी जाणकाराला विचारा. पण एवढं तुम्हाला कुणीतरी सांगायलाच हवं.

‘अकरा महिन्यांचा करार असला की रजिस्टर करावा लागत नाही’ ही समजूत इतर राज्यांतून आलेली. 1908 च्या केंद्रीय नोंदणी कायद्यात वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला सूट आहे, त्यावरून ती देशभर पसरली. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा 1999 आहे आणि त्याच्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे आपला नेहमीचा घरभाड्याचा करार, लेखी आणि रजिस्टर्डच हवा, मुदत अकरा महिने असो की तीन. शिवाय रजिस्टर करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे, आपल्यावर नाही. न केल्यास मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गावठाणाला यातून माफी वगैरे काही नाही.

मग ब्रोकर असं का म्हणतो? माझ्या बाबतीत कारण नंतर कळलं. घराचं प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे मालकीचा सरकारी उतारा, घरमालकीण आंटींच्या सासऱ्यांच्या नावावर, ते कधीच वारलेले. वारसांपैकी एक दीर कॅनडात, एक नणंद वसईला, एक पुतण्या आखातात. करार रजिस्टर केला की भाडं येतंय हे कागदावर येणार आणि मग सगळे जागे होणार. आंटी वाईट नव्हत्या हो. मला ‘बाय’ म्हणायच्या, उन्हाळ्यात मसाला कुटला की बिअरच्या बाटलीत भरून एक बाटली वर पाठवायच्या. ईस्ट इंडियन घरांतला बाटली मसाला तो हाच. आमचं आपसात मराठीच चालायचं, त्यांची वेगळी आणि माझी साताऱ्याची. पहिले पंधरा दिवस दोघीही अंदाजाने माना हलवत होतो. (जाता जाता, ‘ईस्ट इंडियन’ म्हणजे पूर्वेकडून आलेले असं ऑफिसात कुणी म्हणालं तर सुधारा. हे इथलेच मूळचे लोक. ईस्ट इंडिया कंपनीवरून त्यांनी 1887 मध्ये, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, हे नाव घेतलं, गोव्याच्या आणि मंगळूरच्या ख्रिश्चनांपेक्षा आपण वेगळे हे दाखवायला.)

तर नोटरीचा कागद. सहा महिने काही झालं नाही. मग मला एका कामासाठी नव्या पत्त्याचा पुरावा लागला. कुठलं कार्यालय ते लिहीत नाही, आहे मुंबईतच, आणि तिथली खिडकी माझ्या स्वप्नात अजून येते. पहिल्या खेपेला: ‘पोलिसांत माहिती दिल्याची पावती आणा.’ आणली. दुसऱ्या खेपेला: ‘लाइट बिल तुमच्या नावाचं नाही.’ भाडेकरूच्या नावाचं कसं असेल? ‘मग मालकाचं पत्र आणा.’ आणलं. तिसऱ्या खेपेला: ‘बिलावर नाव वेगळं, पत्रावर सही वेगळी.’ बिल सासऱ्यांच्या नावाचं, सही आंटींची. ‘मालकांनाच घेऊन या.’ ते वारलेत. ‘मग वारसांची ना-हरकत आणा.’ चौथ्या खेपेला सर्व्हर बंद. पाचव्याला साहेब रजेवर. सहाव्या खेपेला पुन्हा पहिल्यापासून, कारण खिडकीवर माणूस नवा.

सातव्या खेपेला दारावरच्या शिपाईकाकांनी माझी फाइल सहज चाळली आणि म्हणाले, ‘ताई, हा नोटरीचा आहे. इथे रजिस्टरच लागतो. आत सांगितलं नाही तुम्हाला?’

सात अर्ध्या रजा. एका वाक्याचं काम. चूक माझीच होती, मान्य. पण पहिल्या दिवशी कागद हातात घेऊन ‘हा चालणार नाही’ एवढं म्हणायला काय पडलं होतं? दरवेळी एकेक कागद वाढवत न्यायचा आणि मूळ रोग सांगायचाच नाही, ही कुठली पद्धत? ज्या कामासाठी पुरावा हवा होता त्याची तारीख तोवर गेली. ती संधी परत आली नाही, ते असो.

पण खरा फटका पुढेच आहे. अकरा महिने संपले तेव्हा आंटी म्हणाल्या, ‘राह गं, कागद कशाला परत.’ राहिले. शेजारच्या घराच्या तळमजल्यावर तोवर कॅफे आला होता, संध्याकाळी त्याचा बार व्हायचा. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे, पण बंदी नियमात असते आणि गाण्यांचा धडधडणारा बेस माझ्या पलंगाखाली. चौदाव्या महिन्यात मी महिन्याची सूचना देऊन घर सोडलं. आखातातला पुतण्या नेमका सुट्टीवर आलेला. तो म्हणाला, दुसरं वर्ष सुरू झालं म्हणजे नवा लॉक-इन (ज्या मुदतीआधी घर सोडता येत नाही ती) लागू, शिवाय रंगाचा खर्च. दोन लाखांच्या डिपॉझिटमधून 70,000 कापले. आंटी खाली मान घालून बसल्या होत्या. मीही गप्प बसले, कारण डोक्यात एकच: माझा कागद कच्चा, मी भांडू कशावर?

वर्षभराने ऑफिसातल्या एका वकील मैत्रिणीला हे सांगितलं, तिने कपाळावर हात मारला. त्याच कलम 55 मध्ये पुढे लिहिलंय की रजिस्टर्ड करार नसेल तर घर कोणत्या अटींवर दिलं याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे कागद कच्चा होता तो त्यांच्यासाठी! नवा लॉक-इन होता हे पुतण्याने सिद्ध करायचं होतं, आणि त्याच्याकडे कागदाचा चिटोराही नव्हता. मी नुसतं हे कलम मोठ्याने वाचलं असतं तरी बोलणी वेगळी झाली असती. कोर्टात जिंकलेच असते असं म्हणत नाही, नोटरीच्या कागदावर माझीही सही होती आणि अशा भांडणांना वर्षं लागतात. पण न भांडता 70,000 सोडणं हे निव्वळ अज्ञान होतं.

आणि वाचवलं किती? माझं भाडं 42,000. वर्षाचा करार धरला तर वर्षाचं भाडं 5,04,000, त्यात डिपॉझिटचे दहा टक्के म्हणजे 20,000 मिळवायचे, एकूण 5,24,000. त्याच्या 0.25 टक्के स्टँप ड्यूटी, 1310 रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1000. झाले 2310. एजंट घरी मशीन घेऊन येतो, दोघांचे अंगठे आणि दोन साक्षीदार, अर्ध्या तासात मोकळे. एजंटची फी वेगळी, ती निम्मी-निम्मी करा.

म्हणून ब्रोकरला एवढंच सांगा, ‘रजिस्टर असेल तर टोकन देते.’ त्याआधी लाइट बिल आणि प्रॉपर्टी कार्ड बघायला मागा. नाव वेगळं निघालं तर लगेच पळू नका, वांद्र्याच्या गावठाणात ते सर्रास आहे. पण बाकी वारस कोण, त्यांची लेखी संमती आहे का, हे विचारा. घरमालक अवघडले तर अवघडू देत. लॉक-इन किती आणि तो दोघांनाही लागू आहे का, रंगाचा खर्च कुणाचा, डिपॉझिट किती दिवसांत परत, हे करारात शब्दांत हवं. आत जाताना प्रत्येक भिंतीचा व्हिडिओ काढा आणि मालकाला व्हॉट्सॲप करून ठेवा. पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाइन देता येते, तिला लोक उगाच ‘पोलीस एनओसी’ म्हणतात आणि एजंट त्याचे वेगळे पैसे लावतात.

एवढं झालं की मग खुशाल राहा, कारण राहण्यासारखं आहेच. रविवारी सकाळी सातला निघा, दुपारी नको, दुपारी नुसते रील काढणारे असतात. वरोडा रोडवरून चॅपल रोडला या, भिंतींवरची चित्रं बघत. वाटेत कोपऱ्याकोपऱ्यावर क्रूस दिसतील. यातले बरेच 1896 च्या प्लेगच्या साथीत उभारले, साथ टळावी म्हणून. कुठे ताजा झेंडूचा हारही घातलेला असतो. मग सेंट अँड्र्यूजवरून, ते चर्च 1575 चं, मागे चिंबईत उतरा. तिथे होड्या ओढून ठेवलेल्या असतात आणि कोळणी तुमच्याशी तुमच्याच भाषेत भांडतात. साताऱ्याहून आलेल्या मला अख्ख्या वांद्र्यात सर्वांत घरच्यासारखं तिथे वाटलं. पुढे बँडस्टँडच्या टोकाला 1640 चा पोर्तुगीज किल्ला. किल्ल्यात फार काही उरलेलं नाही, पण समोर सी लिंक दिसतो. त्यावर चालायला परवानगी नाही, पाहुणे दरवेळी विचारतात.

सप्टेंबरात 8 तारखेनंतरच्या रविवारपासून आठवडाभर माउंट मेरीची जत्रा असते. त्या आठवड्यात घर बदलायला टेम्पो बोलावू नका, हिल रोडवर अडकून पडेल. मी बोलावला होता.

आणि घर दुपारी बघून ठरवू नका, दुपारी रानवार साधुसंतांसारखं शांत असतं. शनिवारी रात्री साडेदहाला त्या गॅलरीखाली वीस मिनिटं उभे राहा. तळमजल्याला कुणी नवीन टाइल्स बसवत असेल तर तिथे काय येणार आहे ते कोपऱ्यावरच्या पानवाल्याला विचारा, त्याला सगळं माहीत असतं.