जुन्या एक रुपयाच्या नाण्याची कड चंद्रकोरीसारखी कापलेली आहे. ही टांकसाळीची चूक की कोणी मुद्दाम कापलंय, कसं ओळखावं?

कापलेल्या जागेपेक्षा तिच्या बरोबर समोरची कड आधी भिंगाखाली धरा. धातूच्या पट्टीतून चकती काढताना ठोकणी आधीच्या भोकावर पडली की चकती अपुरी निघते. मग चकती बाजूंनी दाबून तिची कड उचलताना त्या खाचेपाशी दाब मिळत नाही, म्हणून समोरची कडही बहुतेकदा पुसट, बसकी राहते. अशी खूण नंतर कापणाऱ्याला जमत नाही. खाचेजवळची अक्षरंही बघा: खऱ्या चुकीत ती खाचेकडे ओढल्यासारखी, विरत गेलेली दिसतात. कानशीने कापलं असेल तर अक्षर मध्येच तुटतं आणि ओरखडे राहतात.

वजन नक्की करा, पण एकट्या वजनावर जाऊ नका. १९७५ ते १९८२ चा तांबे-निकेलचा रुपया ८ ग्रॅमचा. खाच असली की तो कमी भरणारच, मग ती कोणीही पाडलेली असो.

बाजारात ‘लाखी’ (आधीचं नाणं ठशाला चिकटून पुढच्या नाण्यावर त्याचीच प्रतिमा उमटण्याची चूक) म्हणून विकतात त्यात तर फसवणूक फारच. खऱ्या लाखीत एका बाजूला फक्त उलटी, खोलगट प्रतिमा असते. उलट्या अक्षरांखाली मूळ छापा डोकावत असेल, तर दोन नाणी शिकंज्यात (व्हाइसमध्ये) एकमेकांवर दाबलेली आहेत, सरळ परत करा. दोन्हीकडे सिंह असलेलं नाणं? कडेच्या आत दोन नाणी जोडल्याचा गोल सांधा शोधा, बहुतेकदा सापडतोच.