अक्षौहिणी म्हणजे गर्दी नव्हे

प्रश्न मिरजेहून आला आहे: 'अक्षौहिणी' लिहायचे की 'अक्षोहिणी', आणि 'अक्षौहिणी जनसमुदाय' म्हणणे बरोबर आहे का?

लिहायचे 'अक्षौहिणी'च. अक्ष + ऊहिनी यांचा नेहमीच्या संधीने 'ओ' झाला असता, पण वैयाकरण कात्यायनाने 'अक्षादूहिन्याम्' असे खास या शब्दासाठी वार्तिक (पाणिनीच्या सूत्राला जोडलेला पूरक नियम) करून 'औ' दिला. विषय संपला.

दुसऱ्या भागाने मात्र डोके उठते. साताऱ्यात गांधी मैदानावर चार-पाच हजार माणसे जमली की निवेदक 'अक्षौहिणी जनसागर' म्हणून मोकळा! अहो, ती सैन्याची ठरलेली संख्या आहे. महाभारताच्या आदिपर्वात कथा सांगणारा सौती हिशेबच मांडून देतो. एक रथ, एक हत्ती, तीन घोडे, पाच पायदळ मिळून पत्ती. तीन पत्तींचे सेनामुख. पुढे तिपटीतिपटीने गुल्म, गण, वाहिनी, पृतना, चमू, अनीकिनी. आणि दहा अनीकिनींची अक्षौहिणी. रथ २१,८७०, हत्ती तितकेच, घोडे ६५,६१०, पायदळ १,०९,३५०. २०११च्या जनगणनेत सातारा शहर सुमारे १ लाख २० हजारांचे होते. नुसते पायदळ उभे करायला अख्खे शहर जवळजवळ रिकामे करावे लागले असते.

एकूण बेरीज २,१८,७००. ती फोडून पाहा: २,१८७ गुणिले १००, आणि २,१८७ म्हणजे ३चा सातवा घात. २, ३ आणि ५ सोडून चौथा मूळ अवयव नाही. सैन्याच्या वरच्या प्रत्येक आकड्यातल्या अंकांची बेरीज १८. कौरवांच्या ११ अक्षौहिणी म्हणजे २४,०५,७००, पांडवांच्या ७ म्हणजे १५,३०,९००, तिथेही १८. ९ने भाग जाणाऱ्या संख्येत अंकांची बेरीज ९च्या पटीत येणारच, यात गूढ काही नाही. दोन्ही सैन्ये मिळून ३९,३६,६००, आणि तिथे बेरीज २७ भरते, हे महाभारतातल्या १८ या आकड्याचे माहात्म्य सांगणारे कधी बोलत नाहीत.

आता खरी गंमत. मोनियर-विल्यम्सच्या संस्कृत-इंग्रजी कोशात या शब्दाबद्दल एक तर्क आहे: अनीकिनीत २७ वाहिन्या, २७ हा ३चा घन, म्हणून हा अक्ष (फासा) आणि वाहिनी यांचा समास असू शकेल. हा तर्क इंग्रजीतून आला आहे. फाशाच्या आकाराला आणि तिसऱ्या घाताला 'क्यूब' हा एकच शब्द त्या भाषेत; संस्कृत गणितात तिसरा घात म्हणजे घन, त्याला अक्ष कोण म्हणतो? शिवाय वैदिक फासा घनाकृती नव्हताच. ऋग्वेदाच्या द्यूतसूक्तात तो विभीदक आहे, म्हणजे त्रिफळ्यातला आपला बेहडा.

पण फासा सोडायला मी तयार नाही. अक्ष म्हणजे रथाचा आस, म्हणून रथांची जमवाजमव, असे सांगणारे पुष्कळ आहेत. ज्या सैन्यात रथांइतकेच हत्ती आणि पाचपट पायदळ, त्याचे नाव एकट्या रथावरून का पडावे? उलट त्याच द्यूतसूक्तात जुगारी फाशांनाच उद्देशून म्हणतो: 'यो वः सेनानीर्महतो गणस्य', तुमच्या महान गणाचा जो सेनानी. फाशांचा गण आणि त्याला सेनानी! सौतीच्या हिशेबातही २७ पत्तींच्या तुकडीचे नाव गणच. माझे मत ठाम आहे: फाशांसारखी मोजून मांडलेली ती अक्षौहिणी. रथवाल्यांनी आधी ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या चौतिसाव्या सूक्ताची, म्हणजे याच द्यूतसूक्ताची, बारावी ऋचा वाचावी, मग वाद घालायला यावे.