बावीस श्रुती सारख्या अंतराच्या नसतात

सप्तकाचे १२०० सेंट (सेंट हे स्वरांमधलं अंतर मोजायचं माप), त्यांना २२ ने भागलं की एक श्रुती साडेचोपन्न सेंटची, मग प्रमाण, न्यून आणि पूर्ण अशी तीन नावं कशाला, असं तुम्ही विचारलंय. भागाकार बरोबर आहे, पण त्यातून येणारे स्वर तानपुऱ्यावर लागत नाहीत. स्वर एकमेकांशी जुळवत गेलं की मधे लहानमोठी अंतरं उरतात, त्या श्रुती.

आधी प्रमाण श्रुती नीट पाहा, सगळी गंमत तिच्यात आहे. मध्य सा २४० हर्ट्झचा धरा. षड्ज-पंचम भावाने (दर पायरीला दीडपट) सा वरून प, प वरून रे, रे वरून ध, ध वरून ग असे चढत जा आणि गंधार मध्य सप्तकात उतरवून घ्या. तो ३०३.७५ वर येतो. आता जवारी (नाद खुलवणारी घोडीची घडण) चांगली लागलेल्या तानपुऱ्याचा खर्ज, म्हणजे खालच्या सा ची तार, छेडा. त्यातून स्वयंभू, म्हणजे आपोआप येणारा, गंधार उमटतो, १२० च्या पाचपट, म्हणजे ६०० हर्ट्झवर. मध्य सप्तकात ३००. शुद्ध गंधार दोन्ही, पण एकत्र वाजवले तर आवाज सेकंदाला जवळजवळ चार वेळा हेलकावतो. हे ८१/८० चं अंतर, सुमारे २२ सेंट, म्हणजे प्रमाण श्रुती. नेहमीच्या पेटीचा गंधार ३०२.४ च्या आसपास असतो, ना इकडचा ना तिकडचा. भूप रागाच्या ठाय (संथ) आलापीत पेटी मला खुपते ती इथेच.

बाकीच्या दोन पटकन सांगतो. कोमल गंधार २८८ पासून शुद्ध ३०० पर्यंत न्यून श्रुती: २५/२४, साधारण ७१ सेंट. शुद्ध रिषभ २७० पासून अतिकोमल गंधार २८४.४४ पर्यंत पूर्ण श्रुती: २५६/२४३, साधारण ९० सेंट. सप्तकात प्रमाण १०, न्यून ५, पूर्ण ७. बेरीज करून बघा, बरोबर १२०० भरतात.

मात्र हे अपूर्णांक नाट्यशास्त्र लिहिणाऱ्या भरतमुनींच्या नावावर खपवू नका. नाट्यशास्त्रात सा ते नी या सात स्वरांना श्रुतींची ४-३-२-४-४-३-२ ही वाटणी आहे आणि दोन वीणांचा प्रयोग आहे: दोन्ही सारख्या लावायच्या, एकीचा पंचम किंचित उतरवायचा, तो फरक म्हणजे प्रमाण श्रुती. सगळं कानावर. गणित नंतरच्यांनी बसवलं. आपल्याकडे श्रुतींचे अभ्यासक कृष्णाजी बल्लाळ देवलांनी त्याचा ध्यास घेतला आणि त्यांना साथ मिळाली किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची, ज्यांनी १९१३ मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. गणिती माणूस आणि असा गळा एकत्र आले, हे मला फार मोलाचं वाटतं.

दरबारी रागाचा आंदोलित (झुलता) गंधार मात्र या तक्त्यातल्या एका आकड्यावर बसवायला जाऊ नका. तो हलण्यातच आहे.

तुम्ही हव्या त्या हर्ट्झचा सूर वाजवणाऱ्या ॲपवर ३०० आणि ३०३.७५ आलटून पालटून ऐका, मग खर्ज छेडून त्यातला गंधार गळ्याने पकडा. पावसाळी हवेत तानपुऱ्याचा सूर लवकर हलतो, म्हणून तेव्हा दर बैठकीला आधी जोड (मधल्या दोन सा च्या तारा) आणि खर्ज पुन्हा मिळवून घ्या.