एडिसनमध्ये घर बघताय: नऊची शाळा की सहाची?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. जर्सी सिटीहून न्यू जर्सीतल्याच एडिसनला यायचंय, मुलगी सप्टेंबरमध्ये किंडरगार्टनला (पहिलीच्या आधीच्या वर्गाला) जाईल, दोन अपार्टमेंट पसंत पडलीत. एकाच्या शाळेला शाळांना गुण देणाऱ्या साइटवर १० पैकी ९, दुसऱ्याच्या शाळेला ६, आणि नऊवाल्या घराचं भाडं महिन्याला ३५० डॉलर जास्त. "शाळांमध्ये खरंच एवढा फरक असतो का?" असं विचारलंत. आकड्यात दिसतो तेवढा नसतो. जो असतो, तो भलतीकडेच असतो.

आपण दहावीच्या गुणवत्ता यादीवर वाढलेली माणसं. सहा दिसला की आपल्याला साठ टक्के ऐकू येतात आणि पोटात गोळा येतो. मोठ्या मुलाच्या वेळी मीही आकडा बघूनच घर घेतलं होतं, त्यामुळे तुम्हाला हसत नाहीये.

आधी तो आकडा कशाचा ते बघा. बऱ्याच अंशी राज्याच्या परीक्षेतल्या मार्कांचा. न्यू जर्सीत राज्याची परीक्षा तिसरीपासून सुरू होते. किंडरगार्टन, पहिली, दुसरीला परीक्षाच नाही. एडिसनच्या ११ एलिमेंटरी शाळांपैकी जेम्स मॅडिसन प्रायमरी तर दुसरीपर्यंतच आहे, तिसरी ते पाचवी शेजारच्या इंटरमिजिएटमध्ये. म्हणजे प्रायमरीला स्वतःचे मार्क असूच शकत नाहीत. तिथे कुठे आकडा दिसलाच तर तो कुठून आला हे विचारा. बाकीच्या शाळांतही तुमच्या मुलीची पहिली तीन वर्षं त्या आकड्यात नाहीतच. परीक्षेचे गुण ६५० ते ८५० असतात आणि ७५० ला अपेक्षा पूर्ण झाली असं धरतात. इयत्तेत ७५ मुलं असतील आणि चार जणं ७४८ वर अडकली, की शाळेचा टक्का पाचाने खाली. त्या चौघांपैकी दोघं कदाचित सहा महिन्यांपूर्वीच भारतातून आलेली असतील.

दुसरं म्हणजे, दोन्ही शाळांचं डिस्ट्रिक्ट, म्हणजे गावातल्या सरकारी शाळा चालवणारी यंत्रणा, एकच. अभ्यासक्रम तोच, प्रगतिपुस्तक तेच, शिक्षकांचा पगाराचा तक्ता तोच, सुपरिंटेंडंट तोच. शिक्षक डिस्ट्रिक्टचे असतात, त्यांची बदलीही होते. नऊवाल्या शाळेतल्या ज्या बाईंचं कौतुक तुम्ही ऐकलंत, त्या पुढच्या वर्षी सहावाल्या शाळेत दिसल्या तर नवल नाही. मग नऊ आणि सहा होतात कशाने? बऱ्याच अंशी आईबापांमुळे. आमच्या गल्लीतली निम्मी मुलं दुसरीपासून कुमॉनच्या खासगी शिकवणीला जातात, शनिवारी आणखी एक गणिताचा क्लास. तो क्लास शाळा घेत नाही, पण मार्क शाळेच्या खात्यावर जमा होतात. तुम्ही सहावाल्या घरात राहिलात म्हणून तुमच्या घरातली पुस्तकं कमी होणार नाहीत.

आकडाच हवा असेल तर राज्याच्या शिक्षण खात्याचा शाळानिहाय वार्षिक अहवाल उघडा. त्यात 'ग्रोथ' म्हणून एक भाग असतो. मागच्या वर्षी साधारण तेवढेच मार्क असलेल्या राज्यभरातल्या मुलांच्या तुलनेत या शाळेतली मुलं किती पुढे सरकली, ते तिथे कळतं. ५० म्हणजे मध्यावर. मागच्या वर्षीचे मार्क लागतात म्हणून तो चौथीपासूनच मिळतो, पण शाळेने काय केलं हे त्यातल्या त्यात इथे दिसतं. ग्रोथ ६२ असलेली सहावाली शाळा मी ग्रोथ ४१ असलेल्या नऊवालीच्या वर ठेवीन. एका वर्षाचा बघू नका, दोन-तीन वर्षांचे शेजारी ठेवा. २०२० आणि २०२१ ला परीक्षाच झाल्या नाहीत, तेव्हा मध्ये खड्डा दिसला तर घाबरू नका. त्याच अहवालात दहा टक्के किंवा जास्त दिवस गैरहजर राहणाऱ्या मुलांचं प्रमाणही असतं. तेही बघा.

आता रोजच्या जगण्यात जे टोचतं ते सांगते. नऊच्या आकड्यावर भाळून आम्ही गेलो आणि आफ्टरकेअरची, म्हणजे शाळा सुटल्यावर मुलांना सांभाळण्याच्या सोयीची, वेटिंग लिस्ट निघाली. मुलगा तीनच्या सुमारास सुटायचा, आम्ही दोघं न्यूयॉर्कला. पाच महिने नवरा मंगळवार-गुरुवार घरून काम करत होता, मी उरलेले दिवस बॉससमोर तोंड लपवत ट्रेन गाठत होते. शाळा उत्तम होती हो, पण आम्ही तिच्या दारात कायम धापा टाकतच पोचायचो. म्हणून दोन्ही शाळांबद्दल आधी हे विचारा: आफ्टरकेअर कोण चालवतं, किती वाजेपर्यंत, सप्टेंबरसाठी जागा आहे का. मग बस. राज्याच्या नियमाने आठवीपर्यंतच्या मुलांना घरापासून शाळा दोन मैलांपेक्षा लांब असेल तरच बस देणं डिस्ट्रिक्टला बंधनकारक आहे. दीड मैलावर असाल तर जानेवारीच्या बर्फात काय करणार, याचं उत्तर तयार ठेवा. चालत दहा मिनिटांत शाळा असण्याला साइटवर मार्क नाहीत. माझ्याकडे आहेत.

प्रवेशाच्या वेळी घरी कोणती भाषा बोलता असं विचारतात. बिनधास्त 'मराठी' लिहा. मुलीचं इंग्रजी तपासतील, गरज वाटली तर ईएसएल, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्या मुलांसाठीचा इंग्रजीचा तास, देतील. ते लेबल वगैरे काही नाही. आमच्या धाकटीला वर्षभर ईएसएल होतं, तिला ती ईएसएलची बाई वर्गशिक्षिकेपेक्षा जास्त आवडायची.

एलिमेंटरीपेक्षा पुढचं बघणं जास्त महत्त्वाचं, विशेषतः पुढे तिथेच घर विकत घ्यायचा विचार असेल तर. एडिसनमध्ये दोन हायस्कुलं. वुड्रो विल्सन आणि जॉन ॲडम्स या मिडल स्कुलांतली मुलं जे. पी. स्टीव्हन्सला जातात, हर्बर्ट हूवर आणि थॉमस जेफरसनची एडिसन हायला. कोण कुठे जाणार हे पत्त्यावर ठरतं. जे. पी. स्टीव्हन्सच्या बाजूच्या, म्हणजे उत्तरेकडच्या घरांची किंमत आणि भाडं चढं असण्यामागे हे मोठं कारण आहे. म्हणजे नऊवालं घर तिकडचं असेल, तर तुमच्या त्या ३५० डॉलरमधले बरेचसे नववीसाठी आहेत, आणि मुलगी अजून पाच वर्षांची आहे. तोवर तुम्ही त्याच भाड्याच्या घरात असाल का?

एक सापळा: एडिसनच्या आसपासचं प्रत्येक घर एडिसनच्या डिस्ट्रिक्टमध्ये येत नाही. मेट्रोपार्क स्टेशन आयसलिनमध्ये, म्हणजे शेजारच्या वुडब्रिज टाउनशिपमध्ये (वेगळ्या गावात) येतं, आणि भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडवर डोसा खाताना आपण कुठल्या टाउनशिपमध्ये बसलोय हे कुणालाच कळत नाही. मेटुचेन हे गाव तर चारही बाजूंनी एडिसनने वेढलेलं, तरी त्याचं डिस्ट्रिक्ट वेगळं. ब्रोकर "एडिसन स्कूल्स" म्हणाला की मान डोलवू नका.

मी तुमच्या जागी असते तर सहावाल्या शाळेचा ग्रोथ बघितला असता, आणि तो ठीक असून आफ्टरकेअरमध्ये जागा असेल तर तेच घर घेतलं असतं. नसेल, तर नऊवालं. सही करण्याआधी घराचा पूर्ण पत्ता, अपार्टमेंट नंबरसकट, डिस्ट्रिक्टच्या रजिस्ट्रेशन ऑफिसला फोनवर सांगा आणि किंडरगार्टन, मिडल, हायस्कूल तिन्हींची नावं लिहून घ्या. नुसत्या रस्त्याच्या नावावर थांबू नका. आमच्या रस्त्याच्या दोन बाजूंची मुलं दोन वेगळ्या शाळांत जातात.