पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेलेली ब्रिटिश हिंदी सैन्याची ६वी पूना डिव्हिजन टायग्रिसकाठच्या कुत या गावात का अडकली?

थोडक्यात सांगायचं तर रसद. शौर्य कुठेच कमी पडलं नव्हतं.

आजूबाजूला वाळवंट, चांगला रस्ता नाही, रेल्वे नाही. दाणापाणी, दारूगोळा, जखमी माणसं, सगळी वाहतूक टायग्रिस नदीतल्या मोजक्या बोटींवर. सगळा माल जिथे उतरायचा त्या बसरा बंदरात तर मोठ्या जहाजांसाठी धड धक्कासुद्धा नव्हता. तरीही या डिव्हिजनचे प्रमुख जनरल टाउनशेंड यांना बगदादकडे पुढे ढकललं गेलं. नोव्हेंबर १९१५मध्ये बगदादजवळच्या टेसिफॉनच्या लढाईत साडेचार हजारांच्या आसपास माणसं मेली किंवा जखमी झाली. जखमींना नदीमार्गे मागे नेण्याची जी दशा झाली ती वाचवत नाही. थकलेलं सैन्य मागे हटून कुतला आलं आणि ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा पूर्ण केला.

वेढा जवळपास पाच महिने चालला. शेवटी घोडे कापून खावे लागले. अनेक हिंदी शिपायांनी धर्मापायी ते मांस बराच काळ नाकारलं आणि स्कर्व्हीने (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणाऱ्या रोगाने) ते खंगत गेले. विमानांतून धान्याची पोती टाकून पाहिली, पण ती पुरणार कशी? सोडवायला आलेल्या फौजेचीच सुमारे २३ हजारांची हानी झाली.

२९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार जण शरण आले. त्यांत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणींचे जवान होते. कैदेत वाळवंटातून पायी चालवताना हजारो दगावले. टाउनशेंड मात्र इस्तंबूलजवळ एका बेटावर आरामात राहिले, याचा मला आजही संताप येतो.

पुढे तिथल्या ब्रिटिश फौजेचे नवे सेनापती जनरल मॉड यांनी आधी बोटी, रेल्वे आणि बंदर नीट केलं. मार्च १९१७मध्ये बगदाद पडलं.