वाचक विचारतात: रीफ टँकला स्किमर कुठला घेऊ?

(रीफ टँक म्हणजे कोरल, म्हणजे प्रवाळ, ठेवलेला खाऱ्या पाण्याचा टँक. स्किमर म्हणजे त्या पाण्यातली घाण बारीक बुडबुड्यांच्या फेसाबरोबर वर आणून कपात काढणारं यंत्र.)

प्रश्न: ताई नमस्कार. माझा ३ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच असा टँक आहे, खाली कॅबिनेटमध्ये संप (फिल्टरची खालची टाकी) आहे. क्लाउनफिशची जोडी आहे, पुढे एक गोबी, दोन क्रोमिस आणि जमलंच तर यलो टँग घ्यायचाय. कोरल सध्या झोअँथिड आणि मश्रूम. दुकानदार म्हणतो डायरेक्ट ५०० लिटरचा स्किमर घ्या, मित्र म्हणतो २०० पुरे. कुणाचं ऐकू? (एक वाचक, पुणे)

उत्तर: यलो टँगचं आधी सांगते, तो ३ फुटांत नका घालू. त्याला दिवसभर लांबच्या लांब पोहायला लागतं, एवढ्याशा जागेत तो चिडचिडा होतो आणि दुसऱ्या माशांच्या मागे लागतो. बाकी तुमची यादी छान आहे.

आता हिशोब. तुमचा टँक पावणेसात घनफुटांचा, एका घनफुटाला २८.३ लिटर धरले तर १९१ लिटर झाले. पण त्यात दगड आहेत, वाळू आहे, वर दोन बोटं जागा रिकामी ठेवलेली असते, म्हणजे खरं पाणी १५०-१६०च असणार, त्यात संपमधलं ४०-५० मिळवलं की एकूण २०० च्या आसपास. स्किमर या २०० वर ठरवायचा, आणि त्याहीपेक्षा जास्त तुम्ही रोज खायला किती घालता त्यावर. खोक्यावर बहुतेक वेळा दोन-तीन आकडे असतात, कमी बायोलोडला (मासे आणि खाण्यातून होणाऱ्या घाणीच्या भाराला) इतके लिटर, जास्त बायोलोडला इतके. दुकानात आपल्याला मोठा आकडा सांगतात, तुम्ही जास्त बायोलोडचा, म्हणजे लहान आकडा बघा. तो २०० ते २५० मध्ये बसला की तुमचं काम झालं, पुढे दोन मासे वाढले तरी निभेल.

५०० चा का नको तेही सांगते, कारण "मोठा घेतला तर काय बिघडतं" असं सगळ्यांनाच वाटतं. पावसाळ्यात किनाऱ्यावर लाटा आपटून जो पिवळट फेस साचतो ना, तोच प्रकार स्किमरच्या नळकांड्यात होत असतो. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, कोरलचा चिकट स्राव यातून पाण्यात जे विरघळलेलं घाण द्रव्य येतं त्यातल्या बऱ्याच रेणूंचं एक टोक पाण्यापासून पळणारं असतं, ते बारीक बुडबुड्याच्या पृष्ठभागाला चिकटतं आणि बुडबुड्याबरोबर वर येतं. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात आणि एकमेकांत पटकन मिसळत नाहीत म्हणून हे जमतं, गोड्या पाण्याच्या टँकला स्किमर फारसा चालत नाही तो त्यामुळेच. तर फेस टिकायला त्यात घाण असावी लागते. पाच मासे आणि एवढा रुंद नेक (नळकांड्याचा वरचा गळा) म्हटल्यावर फेस नेकमध्ये चढतो न चढतो तोच फुटून खाली बसतो, कपात दोन दोन दिवस काही येत नाही, मग माणूस वैतागून पाण्याची लेव्हल वाढवतो आणि कपात नुसतं खारं पाणी भरतं. लहान नेकचा स्किमर अशा टँकला शांतपणे रोज थोडं थोडं काढत राहतो.

आणि पैसे देण्याआधी टेप घेऊन कॅबिनेटसमोर बसा. संपच्या आत बसणाऱ्या स्किमरला ठरावीक खोलीचं पाणी लागतं, बऱ्याच मॉडेलना १५ ते २३ सेंटीमीटरच्या मधलं काहीतरी, नेमका आकडा त्याच्या माहितीपत्रकात असतोच. तुमच्या ज्या कप्प्यात तो बसणार तिथलं पाणी पंप चालू असताना किती खोल आहे ते मोजा. पाणी जास्त खोल असेल तर खाली ॲक्रिलिकचा स्टँड ठेवून स्किमर उचलता येतो, उथळ असेल तर बॅफलची (संपमध्ये कप्पे पाडणाऱ्या पडदीची) काच वाढवावी लागते आणि ते चालू संपमध्ये करणं महाकठीण. रिटर्न पंपाच्या, म्हणजे पाणी परत वरच्या टँकमध्ये चढवणाऱ्या पंपाच्या, कप्प्यात स्किमर ठेवू नका, बाष्पीभवन झालं की तिथलीच लेव्हल खाली जाते आणि लेव्हल दोन सेंटीमीटर हलली तरी फेस बदलतो. उंचीसुद्धा मोजा, स्किमर आत मावला पण कप वर उचलून काढायला जागाच नाही अशी कॅबिनेटं मी खूप बघितलीत, आणि कप काढायला त्रास होतो म्हटल्यावर माणूस तो धुवायचा कंटाळा करतो.

कंपनीचं म्हणाल तर बबल मॅगस, रीफ ऑक्टोपस, टुन्झे, डेल्टेक, निओस ही नावं रीफवाल्यांच्या ओळखीची आहेत. नावापेक्षा मी एकच गोष्ट विचारेन, याचा इम्पेलर (पंपातला फिरता पंखा) आणि पंप सुटा मिळतो का आणि किती दिवसांत मिळतो? नळकांडं वर्षानुवर्षं टिकतं, बंद पडतो तो पंप. विजेची काळजी करू नका, १० वॉटचा पंप २४ तास चालला तरी महिन्याला सव्वासात युनिटच्या आसपास.

प्रश्न: नवीन स्किमर लावून आठवडा झाला. पहिले चार दिवस फेसच नाही, काल लाइव्ह रॉक (बॅक्टेरिया वसलेले दगड) चिकटवायला इपॉक्सी पुट्टी वापरली तर रात्रीत कप तीनदा ओसंडला. त्यात आमच्याकडे लाईट जाते, ती आली की परत कप भरून पाणी खाली. पीस खराब आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: पीस बहुतेक ठणठणीत आहे. नवीन स्किमरच्या प्लास्टिकवर बनवताना लागलेला तेलकट थर असतो, तो जाऊन आतून पातळ जैविक थर बसेपर्यंत फेस नीट धरत नाही, आठवडा ते दोन आठवडे लागतात. तोवर गेट (स्किमरमधून पाणी बाहेर सोडणारी झडप) उघडा ठेवा, कपात काही येत नाही म्हणून हात लावू नका. नंतर फेस नेकच्या तळाशी येऊन थांबेल इतपत लेव्हल आणा आणि मग दिवसातून एकदाच, अगदी किंचित फिरवा. दर तासाला फिरवत बसलं तर कधीच सेट होत नाही.

पुट्टीने फेस उसळतो, हे होणारच. नळाच्या पाण्यात घालायचे काही कंडिशनर, लाल शेवाळाची औषधं यांनीही तसंच होतं. अशा वेळी कप काढून ठेवा म्हणजे फेस नुसता संपमध्येच पडत राहील आणि हवा मिळत राहील, सोबत थोडा ॲक्टिव्हेटेड कार्बन लावा, दोन-तीन दिवसांत बसतं. याच्या उलट तेलकट फ्रोजन खाणं घातलं किंवा क्रीम लावलेला हात पाण्यात गेला तर फेस एकदम बसतो, तेव्हा घाबरू नका, काही तासांनी आपोआप परत येतो.

लाईटचं कारण वेगळं. पंप थांबला की वरच्या टँकचं आणि पाइपमधलं पाणी संपमध्ये उतरतं, लेव्हल चढते, आणि लाईट येताक्षणी स्किमर त्या खोल पाण्यातच सुरू होतो म्हणून ओसंडतो. त्याला उशिरा चालू होणारा प्लग लावा, रिटर्न पंप सुरू झाल्यावर ५-१० मिनिटांनी स्किमर चालू झाला पाहिजे. आणि इन्व्हर्टरवर काय टाकायचं असा प्रश्न असेल तर आधी वेव्हमेकर (टँकमधलं पाणी हलवणारा पंप), कारण लाईट गेल्यावर माशांना पहिला धोका ऑक्सिजनचा असतो, स्किमर चार तास बंद राहिला तर काही होत नाही. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह असेल तर एसी पंप त्यावर गुरगुरतात आणि तापतात, साइन वेव्हच घ्या.

प्रश्न: महागातला स्किमर लावला, कप रोज काळाकुट्ट भरतो, तरी नायट्रेट ४० च्या खाली येत नाही. (एक वाचक, नाशिक)

उत्तर: नायट्रेट बुडबुड्याला चिकटतच नाही हो. स्किमर घाण कुजून नायट्रेट व्हायच्या आधी तिच्यातली थोडी बाहेर काढतो, एकदा नायट्रेट झालं की त्याच्या हातात काही नाही. आणि "थोडी" म्हणते ते उगाच नाही, अमेरिकेत पेन स्टेट युनिव्हर्सिटीतले केमिस्ट्रीचे प्रोफेसर केन फेल्डमन यांनी वेगवेगळे स्किमर मोजून बघितले तेव्हा पाण्यातल्या सेंद्रिय कार्बनचा साधारण २० ते ३५ टक्केच स्किमर काढू शकतात असं दिसलं, आणि महाग-स्वस्तात वाटतो तेवढा फरक नव्हता. म्हणून आणखी मोठा स्किमर घेऊन तुमचा आकडा उतरणार नाही. खाणं कमी करा, फिल्टर सॉक (गाळ अडवणारी पिशवी) तीन दिवसांनी बदला, रॉकच्या मागे साचलेला गाळ वॉटर चेंज करताना सायफनने ओढून घ्या, संपमध्ये जागा असेल तर कीटोमॉर्फा (नायट्रेट शोषणारं शेवाळ) लावा. कार्बन डोसिंगचा (बॅक्टेरिया वाढवायला पाण्यात सेंद्रिय कार्बन घालायचा) विचार असेल तर मात्र तुमचा चांगला स्किमर कामाला येईल, कारण त्यात वाढणारे बॅक्टेरिया बाहेर काढायला आणि ऑक्सिजन भरून काढायला तोच लागतो. आणि ४० वरून १० वर यायला महिना-दोन महिने लागू द्या, एकदम उतरवलं तर कोरल रंग सोडतात.

प्रश्न: आम्ही दुबईला असतो, फ्लॅट कायम बंद, एसी चालू. सकाळी पीएच ७.८ दाखवतो. स्किमर बदलू का? (एक वाचक, दुबई)

उत्तर: स्किमर तोच ठेवा, त्याची हवा बदला. बंद घरात माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साचतो, स्किमर तीच हवा पाण्यात मिसळतो, म्हणून पीएच वर येत नाही. हवेची नळी खिडकीबाहेर नेता आली तर उत्तम, तिकडची धूळ बघता टोकाला फिल्टर पाहिजे, आणि शेजारी कुणी कीटकनाशक फवारत असेल तर नळी आत घ्या. बाहेर नेता येत नसेल तर सोडा लाइमचा (कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या दाण्यांचा) डबा नळीला जोडा, दाण्यांचा रंग बदलला की भरणा बदलायचा. आधी एक दिवस सगळ्या खिडक्या उघड्या ठेवून पीएच मोजा, आकडा चढला तरच हा खर्च करा.

प्रश्न: ताई, मी बारावीत आहे. दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच असा नॅनो करतोय. बजेट कमी आहे, स्किमर लागेलच का? आणि मालवणला मामा असतो, तिथून लाइव्ह रॉक आणि कोरलचा एखादा तुकडा आणला तर चालेल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, आणि ते स्पष्ट नाही असंच आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ आहेत, आपल्या समुद्रातून ते काढणं, जवळ बाळगणं हा गुन्हा आहे, मेलेला तुकडा किनाऱ्यावर सापडला तरी उचलायचा नाही. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. मामाकडे जा, परवानगी असलेल्या ठिकाणी स्नॉर्केलिंग करून ते प्रवाळ डोळे भरून बघ, पण हात लावू नकोस. टँकसाठी कोरडा सिरॅमिक किंवा मानवनिर्मित रॉक घे आणि त्यावर बाटलीतले बॅक्टेरिया सोड, सायकल (घाण पचवणारे बॅक्टेरिया नीट बसणं) व्हायला वेळ लागतो पण होते. कोरल घेशील तेही बिल देणाऱ्या आणि माल कुठून आला ते सांगणाऱ्या दुकानातूनच.

स्किमर तुला नको. तुझं पाणी जेमतेम ३५ लिटर, एक-दोन छोटे मासे आणि सॉफ्ट कोरल, त्याला दर आठवड्याला ४-५ लिटर पाणी बदललंस की स्किमरचं काम झालं, शिवाय तेवढ्याने कॅल्शियम-मॅग्नेशियमही भरून निघतं, जे स्किमर देत नाही. बाजारात छोटे नॅनो स्किमर मिळतात पण त्यातले बरेचसे आवाज करतात, टँकमध्ये बुडबुडे सोडतात आणि कपात नुसतं फिकट पाणी काढतात. ते पैसे आरओच्या पाण्यावर आणि एका चांगल्या रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायच्या यंत्रावर) घाल. सॉल्ट आदल्या रात्री आरओच्या पाण्यात कालव, छोटा पंप टाकून ते फिरत ठेव, सकाळी क्षारता ३५ पीपीटी आणि तापमान टँकइतकंच आलंय ना बघ आणि मगच ओत.